बोहनीचा नंबर

लग्नाकार्यात माझी ओळख करून देताना नवऱ्याची पंचाईत होते. कोणी विचारलं, "वहिनी काय करतात?" की तो आधी घसा साफ करतो, मग "कॉम्प्युटरवरचं काहीतरी" म्हणतो आणि लगेच समोरच्याला आणखी एका जिलबीचा आग्रह करायला लागतो. माझ्या सासूबाई जास्त धीट होत्या. त्या सरळ सांगायच्या, "ते लोकायच्या जाहिरातीची चौकशी करते." ऐकणाऱ्याला मी पोलिसात आहे असं वाटायचं. पण त्यात चूक काहीच नव्हतं, म्हणून मी त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.

दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, फौजदार लिहितात. त्यांच्याकडं रक्त असतं, खून असतो, निदान कोर्टातली जुगलबंदी तरी असते. माझ्याकडं नंबर आहेत. तरीही लिहायचं म्हणते, कारण इतकी वर्षं या नंबरांशी झटापट केल्यावर त्यांच्यामागची माणसंच माझ्या जास्त लक्षात राहिली आहेत.

तर काम असं. मी वर्ध्यात राहते. घराच्या समोरच्या खोलीत बसून छोट्या दुकानदारांच्या इंटरनेटवरच्या जाहिराती सांभाळते. जाहिरात सजवणं हे माझं काम नव्हे. ते करणारे वेगळे, आणि कौतुकही त्यांच्याच वाट्याला जातं. माझं काम त्याच्यानंतरचं. जाहिरातीवर बोट ठेवून माणूस दुकानात आला, तर त्यानं काही घेतलं का? घेतलं तर ठेवलं का, की परत धाडलं? हे नीट पाहायचं आणि जाहिराती दाखवणाऱ्या मशीनला कळवायचं. मशीन म्हणजे खरं तर लांब कुठंतरी चालणारा एक प्रोग्राम, पण आमच्याकडं सगळे मशीनच म्हणतात, मीही म्हणते.

नवीन गिऱ्हाईक आलं की मी त्याला केळझरच्या गणपतीला नेते. म्हणजे बोलण्यात नेते. चतुर्थीला गर्दीत गेलात, चपला ठेवल्या, सांभाळणाऱ्यानं तुम्हाला नंबरचा बिल्ला दिला. आता तो बिल्ला तुम्ही खिशातून दहा वेळा काढून पाहा, बायकोला दाखवा, मेहुण्याला दाखवा, चपलांचा जोड एकच राहतो. ऑनलाइन दुकानाचंही तसंच आहे. ऑर्डर झाली की तिला एक नंबर मिळतो आणि तो पुन्हा कोणालाच मिळत नाही. "आपली ऑर्डर मिळाली, धन्यवाद" असं पान येतं ना, ते पान गुपचूप मशीनला सांगतं की अमुक नंबरची विक्री झाली. आपली माणसं ते पान सतरांदा उघडतात. आईला दाखवायला, शेजारणीला दाखवायला, खरंच ऑर्डर गेली की नाही याची खात्री करायला. नंबर नसेल तर मशीन दर वेळी नवी विक्री धरतं. नंबर असेल तर ते म्हणतं, हा बिल्ला मी पाहिला आहे, पुढं चला.

दुसरा उपयोग परतीचा. पार्सल दारात गेलं आणि गिऱ्हाइकानं घेतलंच नाही, असं आपल्याकडं रोज होतं. मग मी तो नंबर मशीनला परत पाठवते आणि सांगते, ही विक्री झालीच नाही असं धर. पाच पुड्या मागवून दोनच ठेवल्या असतील तर सांगते, पाचाचे पैसे धरू नको, दोनाचे धर.

"झाली ना विक्री एकदा, आता मशीनला काय करायचंय?" असं सगळे विचारतात. करायचंय. मशीन त्यातून शिकतं. ज्या तऱ्हेच्या माणसानं माल घेतला त्या तऱ्हेची आणखी माणसं ते शोधत फिरतं आणि त्यांना जाहिरात दाखवतं. त्याला खोटं शिकवलं तर ते इमानेइतबारे खोट्याच्या मागं धावतं, आणि धावतं ते दुकानदाराच्या खिशातून. एवढं सांगितलं की माझा सगळा धंदा सांगून झाला.

रोहण्याचे एक सुतार होते, लाकडी नंदी करायचे. तान्ह्या पोळ्याला लेकरं सजवून मिरवतात ते. हात असा, की नंदीच्या डोळ्यांत बघितलं तर वाटावं आत्ता शिंग हलवेल. त्यांचा भाचा शिकलेला, त्यानं ऑनलाइन दुकान उघडून दिलं, नंबर लावायचं कामही मी सांगितलं तसं केलं. पहिला पोळा झकास गेला. दुसऱ्या वर्षी मामाकडं रंधा थांबत नव्हता आणि माझ्या रिपोर्टात विक्रीच नव्हती. मशीननं हा माल कोणी घेत नाही असं समजून जाहिरात दाखवणंच जवळजवळ बंद केलं, तेही ऐन पोळ्याच्या तोंडावर. मी डोकं धरून बसले. शेवटी कळलं ते असं, की मामांनी हंगामाच्या सुरुवातीला नारळ फोडला होता आणि भाच्याला नंबर पुन्हा एकपासून सुरू करायला लावले होते. मशीन म्हणत होतं, एक नंबर? तो तर मी मागच्या वर्षीच पाहिला. दोन? तोही पाहिला. असं करत त्यानं सगळ्या नव्या ऑर्डरी जुन्या समजून फेकून दिल्या.

मी फोनवर समजावलं तर मामा म्हणाले, "मागच्या वर्षीचं शिळं यंदा काऊन चालवाचं, मॅडम? नवा हंगाम, नवा नंबर."

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं पटतही होतं. मग आम्ही नंबराच्या आधी वर्ष लिहायला लागलो. वर्ष बदललं की पुढं एक. मामा खूश, मशीन खूश. माझ्या कामातले निम्मे तोडगे असेच असतात, माणसाची रीत मोडायची नाही आणि मशीनचाही गोंधळ होऊ द्यायचा नाही. प्रत्येक वेळी ते जमतं असं मात्र नाही. तळेगावला जमलं नाही.

तळेगाव म्हणजे श्यामजी पंताचं, आष्टी तालुक्यातलं. तिथली अर्चना माझ्याकडं आली ती एका ओळखीतून. वय पस्तिशीच्या आसपास, बोलायला खणखणीत. उन्हाळ्यात गावातल्या बाया जमवून मुंगवड्या, गव्हाचे सरगुंडे, कुरड्या करायची आणि वर्षभर ऑनलाइन विकायची. मुख्य माल मुंगवड्यांचा. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भिजवलेली मूगडाळ वाटून तिच्या छोट्या वड्या कडक उन्हात वाळवतात, मग वर्षभर त्यांची भाजी. पुण्या-हैदराबादला गेलेल्या वऱ्हाडी माणसाला ही भाजी आठवली की तो हळवा होतो. अर्चनाचा सगळा भरवसा या हळव्या माणसांवर होता.

तिचा नवरा पुण्यात एका कारखान्यात होता. तळेगावात ती आणि सासरे. सासऱ्यांचं बाजारात किराण्याचं दुकान, समोर ते बसायचे आणि मागच्या खोलीत अर्चनाचं पॅकिंग चालायचं. आमच्याकडं सासऱ्याला मामाजी म्हणतात, ती तसंच म्हणायची. मी काकाजी म्हणायचे.

पहिले काही महिने मी समाधानात होते. रिपोर्टात दिवसाआड नव्हे, रोज विक्री दिसत होती. परत आलेल्या पार्सलांचे नंबर अर्चना मला नियमानं पाठवायची, मी ते मशीनला कळवायचे. सगळं शिस्तीत. आणि एके दिवशी, संक्रांत नुकतीच झालेली, तिचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता.

"ताई, तुमच्या रिपोर्टात रोज विक्री होऊन राह्यली अन् माह्या पिप्यात मुंगवड्या जशाच्या तशा हायेत. कोन खाऊन राह्यलं थ्या?"

मी म्हटलं, "अगं, रिपोर्ट मशीनचा आहे, मी मनानं नाही लिहीत."

"मंग तुमचं मशीन खोटं बोलून राह्यलं. अन् एक सांगा, जाहिरात इथंच काऊन दाखोवता? आष्टीत, कारंज्यात, आमच्या तळेगावात. परवा आमच्याच गल्लीतली बाई म्हणे, अर्चना, तुह्या मुंगवड्या माह्या मोबाइलवर रोज येतात. तिच्या घरी तिच्याच हातच्या डबाभर हायेत. ते कायले घेईन?"

मला राग आला. माझ्या मोजणीवर कोणी बोट ठेवलं की मला राग येतो, हा स्वभाव आहे. पण जाहिरात तळेगावाभोवतीच घुटमळते आहे हे मीही पाहिलं होतं आणि मला त्याचं कारण सापडत नव्हतं. मी पुण्यावर जोर द्यायचे आणि मशीन पुन्हा तळेगावाकडं सरकायचं. तिथं त्याला हमखास गिऱ्हाईक दिसत होतं.

फोन ठेवताना ती हळू आवाजात म्हणाली, "ह्यायनं पुण्यात खोली पाह्यली आहे. मले एकदा नक्की सांगा ताई, हे चालते का नाई चालत. नाई चालत तं मी हे बंद करते अन् जाते. पण मले खरं पाह्यजे."

असं कोणी माझ्याकडं यापूर्वी मागितलं नव्हतं. लोक मला विक्री वाढवा म्हणतात. खरं सांगा म्हणणारी ही पहिलीच. मी दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरली, आर्वीला गाडी बदलली आणि दुकान उघडायच्या वेळेला तळेगावात उतरले.

काकाजी शटर वर करत होते. उंच, वाकलेला माणूस, डोक्यावर टोपी, शर्टाच्या खिशात मोबाइल. मला बसायला स्टूल दिलं. मग त्यांचं रोजचं सुरू झालं. उंबऱ्यावर पाणी शिंपडलं, गल्ल्याला उदबत्ती ओवाळली, तराजूला हात लावून कपाळाला लावला. मग खिशातून मोबाइल काढला, त्यालाही उदबत्ती ओवाळली, तोंडाजवळ धरला आणि दुकानाचं नाव स्पष्ट, मोठ्यानं उच्चारलं. पडद्यावर सगळ्यात वर आमची जाहिरात आली. काकाजींनी तिच्यावर बोट ठेवलं. एक पुडी मुंगवड्या, पैसे पार्सल आल्यावर, पत्ता हेच दुकान. ऑर्डर गेली, धन्यवादाचं पान आलं. ते पान त्यांनी कपाळाला लावलं आणि मोबाइल खिशात टाकला.

मी स्टुलावरून उठलेच. "काकाजी, हे काय केलं?"

ते माझ्याकडं असे बघायला लागले जणू मी विचारलं होतं की तुम्ही श्वास का घेता.

"बोहनी केली. दुकान उघडलं का बोहनी पाह्यजे ना. माह्या दुकानात तं कोनी ना कोनी येते, आगपेटी तरी नेते. हिच्या दुकानाले दरवाजाच नाई. कोन येईन सकाळी सकाळी? मंग म्याच करतो."

"रोज?"

"बोहनी एक दिवसाआड करते का कोनी?"

इतक्यात अर्चना आतून चहा घेऊन आली. तिला विचारलं तर ती म्हणाली, "हो, ते मामाजीची बोहनी होय. मी आंघोळ झाली का काढून टाकते ते ऑर्डर." तिनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं तिला वाटलंच नव्हतं. बोहनीचं कोण कोणाला सांगतं? मी तिला परत आलेल्या पार्सलांचे नंबर विचारत होते, ती परत आलेल्यांचे देत होती. ही ऑर्डर तर घरातून कधी बाहेरच पडली नव्हती, मग परत कुठून येणार? तिनं दुकानातून ती पुसली होती. मशीनच्या डोक्यातून ती कोणीच पुसली नव्हती.

मी चहा तसाच ठेवला आणि दोघांना समोर बसवून केळझरच्या चपला सांगितल्या. "काकाजी, तुम्ही रोज बिल्ला घेऊन राह्यले, पण चपला ठेवूनच नाई राह्यले. मशीन पाहते की रोज सकाळी एक माणूस जाहिरातीवर बोट ठेवते अन् माल घेते. त्याले वाटते, हेच आपलं पक्कं गिऱ्हाईक. मंग ते तुमच्यासारखीच माणसं धुंडते."

काकाजींना हसू आलं. "म्हणजे ते आख्ख्या तालुक्यात माह्यासारखे म्हातारे पाहत फिरून राह्यलं?"

"हो. अन् त्यांच्या घरी मुंगवड्या आहेतच."

अर्चना हसली नाही. तिनं कप खाली ठेवला. काकाजींचं हसूही हळूहळू उतरलं. ते तराजूकडं वळले. मग म्हणाले, "म्हणजे पोरीचं नुकसान म्याच करून राह्यलो होतो."

मी घाईघाईनं तसं नाही, वगैरे म्हणाले. पण तसंच होतं, आणि त्या माणसाला खोटं सांगून समजूत घालण्यात काही मतलब नव्हता.

अर्चनानं तिथंच तिचं ठरवलं आणि सासऱ्यांसमोरच सांगितलं. मागच्या उन्हाळ्यातला शेवटचा पिपा उरला होता, मुंगवड्यांच्या पुड्यांनी भरलेला. "होळीच्या आत हा पिपा रिकामा झाला तं डाळ भिजू घालीन अन् यंदाचं काम सुरू करीन. पण परक्या मानसायनं केला पाह्यजे. आपल्या नात्यातल्यायनं नाई, तुमीबी नाई मामाजी. नाई झाला तं होळी झाली का मी पुण्याले."

सून गेली असती तर त्या घरात ते एकटेच राहिले असते. हे तिघांनाही माहीत होतं.

वर्ध्याला परत येऊन मी बोहनीच्या ऑर्डरींचे नंबर काढले आणि मशीनला पाठवले, या विक्र्या झाल्याच नाहीत असं धर. फार जुन्या नंबरांची मुदत संपलेली असते, ते परत घेता येत नाहीत. जेवढे मुदतीत होते तेवढे गेले, बाकीचे राहिले ते राहिलेच. नंतर रिपोर्ट उघडला तर तो भुंडा दिसत होता. रोजची एक विक्री निघून गेली आणि खाली उरली तुरळक खरी माणसं. कुठं पुणे, कुठं सुरत, कुठं भिलाई. इतकी कमी, की तो रिपोर्ट अर्चनाला पाठवताना माझा हात थांबला. पण तिनं खरंच मागितलं होतं. पाठवून दिला.

आता मशीनला नवं शिकायला वेळ लागतो. तोपर्यंत दिवस कोरे जातात. हे मी सांगून ठेवलं होतं, तरी कोरा दिवस कोराच असतो. काकाजींनी बोहनी थांबवली. अर्चना फोनवर सांगायची, सकाळी सगळी पूजा करतात, मग मोबाइल तराजूच्या पारड्यात उपडा ठेवतात आणि गिऱ्हाईक येईपर्यंत त्याच्याकडं बघत नाहीत. एका म्हाताऱ्या माणसाची रोजची एक गोष्ट मी काढून घेतली होती. कामाचा भाग होता, तरी मला ते लागलं. बोहनीवर विश्वास ठेवून या माणसानं आयुष्यभर दुकान चालवलं होतं, आणि आता सून राहावी म्हणून त्याला सुनेचंच दुकान रोज बिनबोहनीचं उघडायला मी सांगितलं होतं.

एका दुपारी त्यांचा फोन आला. ते स्वतः मला पहिल्यांदाच फोन करत होते.

"मॅडम, काल बी कोरं गेलं अन् आज बी कोरं चाललं. एक बोट लावतो, बस. मंग तुमी पुसून टाकजा."

"नका काकाजी. मशीन आत्ता कुठं गाव सोडून बाहेर बघायला लागलं आहे. तुम्ही हाक मारली की ते माघारी येईल."

"असं काय," ते म्हणाले. "मंग राहू द्या. पोरगी काई बोलत नाई, पण तिनं कपडे बांधाले काढले, म्हणून विचारलं."

त्या दिवशी मलाच मोह झाला. मला मुंगवड्या आवडतात, हे काही खोटं नव्हतं. दोन-चार पुड्या मागवल्या असत्या तर कोणाचं काय गेलं असतं? माझ्या बहिणी आहेत, मैत्रिणी आहेत, एकेक फोन केला असता तर पिपा रिकामा झाला असता. पण मग अर्चना माझ्या बहिणींच्या भरवशावर डाळ भिजू घालणार, आणि पुढच्या वर्षी तिला परका माणूस सापडणार नाही तेव्हा मी कुठं असणार? मी लॅपटॉप बंद केला आणि स्वयंपाकाला लागले.

हळूहळू मशीन वळलं. हैदराबादहून एक आली, मग पुण्याहून, बंगळुरूहून. काकाजी आता दर ऑर्डरीला मला फोन करून विचारायचे, "पाहून घ्या मॅडम, खरी आहे का?" मी नंबर बघायचे, कुठून आली बघायचे, आणि खरी आहे म्हणायचे. त्यांना अर्चनाला सांगायला ते लागायचं. पिपा उतरत होता. होळी जवळ आली तेव्हा त्याचा तळ दिसायला लागला होता.

आणि तेव्हाच सुरतेचं पार्सल परत आलं. मोठी ऑर्डर होती. दारात गेलं, माणूस म्हणाला नको. सगळ्या पुड्या पुन्हा पिप्यात.

काकाजींचा फोन आला. "तो आपला नव्हता ना मॅडम. परका होता. तरी पुसाचा त्याचा नंबर?"

"पुसायचाच काकाजी. त्यानं घेतलं कुठं?"

"हो, ते बी खरं आहे."

मी तो नंबर मशीनला परत पाठवला. बटण दाबताना इतकं वाईट मला या धंद्यात कधी वाटलं नव्हतं.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. काकाजींचा फोन. एरवी ते आधी ख्यालीखुशाली विचारायचे, आज सरळ मुद्द्यावर आले.

"मॅडम, एक आलं. म्या आत्ता शटर वर केलं अन् आलं. कोनी हैदराबादचा आहे. त्यानं साऱ्या पुड्या मांगतल्या, पिप्यात होत्या तेवढ्या साऱ्या. म्या नाई केलं. खरंच नाई केलं. अर्चना माह्याकडं पाहून राह्यली, तिले वाटते म्याच कोनाच्या हातून करवलं. तुमी पाहून सांगा."

भाजीचे हात तसेच पदराला पुसले आणि बसले. नंबर उघडला. जाहिरातीवरून आलेला, हैदराबादहूनच, पैसे आधी भरलेले. मग दुकानाच्या यादीत ते नाव शोधलं, आणि ते आणखी एकदा सापडलं. वेगळा नंबर, महिनाभरापूर्वीचा, दोनच पुड्या. पार्सल पोचलेलं, परत न आलेलं.

"काकाजी," मी म्हटलं, "खरं आहे. परका माणूस आहे. मागं त्यानं दोन पुड्या नेल्या होत्या. खाऊन बघितल्या आणि पुन्हा आला."

"पुन्हा आला?"

"हो."

पलीकडं बाजारात कोणाची तरी गाडी सुरू होत होती. मग माझ्याशी नव्हे, मोबाइल तसाच हातात धरून, मागच्या खोलीकडं तोंड करून ते बोलले, आणि मला लांबून ऐकू आलं.

"अर्चना, वं पोरी. बोहनी झाली. डाळ भिजू घाल."